जे राहून जाईल ते

"केलं का?"

चपला काढून वर्गात पाऊल टाकता टाकता सरांचा हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, हजेरी नाही. चष्मा कपाळावर चढवायचा, एकेकाकडे बोट करायचं आणि विचारायचं.

छावणीत एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा फ्रेंचचा वर्ग भरायचा. आम्ही सहा-सात जण होतो. कुणी वेरूळला गाइड, कुणी हॉटेलच्या काउंटरवर, आणि मी, दोन मुलांची आई, गाइड व्हायचं मनात धरून बसलेली. सर खुलताबादचे. त्यांचं आयुष्य वेरूळच्या लेण्यांत फ्रेंच पाहुण्यांना फिरवण्यात गेलं. भाषा त्यांनी कानानं उचलली आणि एका पाहुण्यानं मागे ठेवलेल्या व्याकरणाच्या पुस्तकावर पक्की केली. फ्रान्स त्यांनी पाहिला नव्हता आणि त्याची खंतही नव्हती. फ्रान्सच इथं येतो, म्हणायचे.

पहिलं वर्षभर ते एकच काळ शिकवत, आता लवकरच करणार त्या गोष्टींचा. फ्रेंचमध्ये तो तसा सोपा. 'जाणे' या क्रियापदाची रूपं पाठ करायची आणि त्यापुढे हवं ते क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं. 'ज व्हे' म्हटलं की मी अमुक करणार आहे. भूतकाळ कधी शिकवणार, असं कुणी विचारलं की म्हणत, "मागचं सांगायला लेण्या हायेत. तुम्ही पुढचं बोला."

तक्ते घोकून घेणारे मास्तर तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिलेत. सरांची रीत निराळी होती. वर्ग सुटताना प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, उद्यापर्यंत आपण काय करणार ते. आणि दुसऱ्या दिवशी ते केलेलं असलं पाहिजे. नसेल तर नवं क्रियापद मिळायचं नाही. बाकीचे पुढे जायचे, आपण तिथंच.

हॉटेलातल्या एकानं सोपं वाटलं म्हणून 'मी पोहणार आहे' असं ठोकून दिलं. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, हा पोहणार कुठे? आठवडाभर तो त्याच क्रियापदावर अडकला. शेवटी रविवारी पैठण रोडला मावशीच्या शेतातल्या विहिरीत उडी मारून आला आणि सोमवारी शिंकत वर्गात बसला. सरांनी खूश होऊन त्याला एकदम दोन क्रियापदं दिली.

पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, मी जेवणार आहे. सगळे हसले, सर नाही हसले.

"जे व्हणारच हाये ते काय सांगतीस, बेटा? जे राहून जाईल ते सांग."

मला रागच आला. मग त्या रागातच बोलून गेले, मी घरी सांगणार आहे. गाइड व्हायचंय हे सासऱ्यांना सांगायची दोन वर्षं माझी हिंमत झाली नव्हती. पुढचे तीन दिवस सरांनी विचारलं आणि तीन दिवस मी मान खाली घातली. चौथ्या दिवशी सकाळी सांगून टाकलं. घरात व्हायचं ते झालं, पण मी गाइड झाले. सरांच्या त्या दोन शब्दांचा धाक सासऱ्यांपेक्षा मोठा होता, एवढंच.

पुढे काही वर्षांनी सरांचा आवाज बसायला लागला. आम्हाला वाटलं, बोलून बोलून बसला असेल. घशातलं दुखणं निघालं. गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. सोमवारी सरांनी मला फोन केला.

"बुधवारी दवाखान्यात ये, संध्याकाळी. तासभर फ्रेंच बोलू. घरात कुणाला येत नाय. मंग माझ्याच्यानं व्हायचं नाय."

"ज व्हे व्हनीर," मी म्हटलं. मी येणार आहे.

बुधवारी मला अजिंठ्याला फ्रेंच पाहुण्यांचा गट मिळाला. पाच वाजता आमची गाडी शहरात, क्रांती चौकात परत आली होती. तिथून रिक्षानं मी दवाखान्यात सहज पोचले असते. पण पाहुण्यांना हिमरूची शाल बघायची होती. त्यांनी माझ्याबद्दल एजन्सीला चार बऱ्या ओळी लिहाव्यात, असं मला वाटत होतं. मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. तिथून निघाले तेव्हा भेटायची वेळ संपली होती. सकाळी ऑपरेशनच्या आधी गाठू, असं मनाला सांगितलं. सकाळी पोचले तर सरांना आत नेलेलं होतं.

त्यानंतर ते वर्षभर होते. मी दर आठवड्याला खुलताबादला जायचे. ते पाटीवर लिहायचे, मी बोलायचे, उच्चार चुकला की ते पाटीवर बोट वाजवायचे. त्या बुधवारचं त्यांनी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला रडता तरी आलं असतं.

ते गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या फातेहाला मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. आपल्या हातानं ताट वाढून त्या माझ्याजवळ बसल्या. बोलण्यात ठपका नव्हता, आठवलं म्हणून सांगत होत्या.

"त्या बुधवारी तू नाय आली ना, तर एकलेच बोलत बसले, बेटा. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून. लई येळ. नर्सबाई गप बसा म्हणली, तरी ऐकंनात."

काय बोलत होते, मी विचारलं.

"मला कुठं कळतंय ते? सगळं तुमच्या त्या भाषेत."

मला कळलं असतं.