कोणतं औषध?

नोकरीतले कितीतरी दरोडे विसरलो, पण त्या रविवारची घटना आजही जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा जळगाव जामोद तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. बीटी बियाणं आलं तरी कपाशीवरची फवारणी थांबली नव्हती, आणि फोनवर 'औषध घेतलं' एवढं ऐकलं की कोणीतरी फवारणीचं विष प्यायलं, असंच आम्ही धरून चालायचो. आकस्मिक मृत्यूचे पंचनामे करून जीव विटला होता.

दुपारी फोन आला. आरोग्य केंद्रात प्रशिक्षणाला आलेल्या तीन शिकाऊ डॉक्टरांचा स्वयंपाक करणारी, त्यांना आपली पोरंच म्हणणारी मावशी रडत होती.

"साहेब, माह्या पोरानं औषध घेतलं! त्याचे दोस्तच म्हनत होते, आज यानं लय औषध घेतलं म्हनून."

स्टेशन डायरीत नोंद टाकायला सांगितली, केंद्रातल्या डॉक्टरबाईंना जीपमध्ये घेतलं आणि पोरांची खोली गाठली. दोघं दार अडवून उभे. "काही नाही सर, झोपलाय." आत तिसरा उताणा पडलेला, तोंडात ओकारी, घशात घरघर. बाईंनी त्याला झटकन कुशीवर वळवून तोंड साफ केलं. दारूचा भपकारा येत होता, पण दारूत विष घालून पिणारेही आम्ही पाहिले होते.

"फवारणीचं औषध कुठून आणलं?" मी दरडावलं. डिग्री जाईल, ही भीती दोघांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मग मी त्यांच्याजवळ खाटेवर बसलो.

"बाळांनो, गुन्ह्याचं नंतर पाहू. दोस्त हातचा चाललाय."

एकाला रडू फुटलं. त्यानं खाटेखालून देशीच्या बाटल्या काढल्या. "एवढंच, सर. आम्ही दारूलाच औषध म्हणतो."

"मुडद्याहो!" मागून दारात आलेली मावशी कडाडली. "दारूले दारू म्हनता येत नाई काय बे?"

पोरगा वाचला. शुद्धीवर आल्यावर मावशीनं आधी त्याला शिव्या दिल्या, मग पेज भरवली. फार गोड पोरं होती ती. मी विचारलं, "कॉलेजात दारूचं शिकवतात ना रे?"

"लिव्हरचं शिकवलंय, सर."

"आणि शेजारी पडलेल्या दोस्ताचं?"

त्याच आठवड्यात बाईंनी पोरांच्या खोलीवरच तिघांचा तास घेतला. पिऊन पडलेल्याला कुशीवर कसं वळवायचं, एकटं का सोडायचं नाही, आणि स्वतःचं पिणं वाढतंय हे कसं ओळखायचं. मीही मागे बसून ऐकलं.

जाताना मावशीला विचारलं, "पोरं 'दारू' म्हणाली असती तर?"

"खरं सांगू साहेब? म्या म्हन्लं असतं, पडू द्या, उतरन."

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, 'कोणीतरी दारू पिऊन पडलाय' असा फोन आला तरी मी जीप तितक्याच घाईनं काढायला लावली.