न मोजलेला ताप

अतिदक्षता विभागात मोठ्या सिस्टरांचा दरारा असा होता, की त्यांच्या चपलांचा आवाज आला की चादरीसुद्धा आपोआप ताठ होतात, असं वॉर्डबॉय म्हणत. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली बावीस याच बारा खाटांच्या खोलीत. बोलणं तुटक, हसणं त्याहून तुटक. नियम मात्र एकच होता आणि त्यात कुणाला सूट नव्हती. जो आकडा डोळ्यांनी बघितला नाही, तो कागदावर चढवायचा नाही.

या नियमापायी त्यांनी एकदा एका नव्या नर्सला भर पाळीत घरी पाठवलं होतं. पोरीनं ताप न मोजताच बाराही पेशंटपुढं अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा लिहून टाकलं होतं. "बाराही जण एकाच मापाचे निघाले का गं?" सिस्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं. "मग घरी बसूनच लिहीत जा की. इथं यायचे कष्ट कशाला?" पोर ढसाढसा रडली, पण दुसऱ्या दिवशी परत आली, आणि तेव्हापासून अशी काम करायला लागली की बोट ठेवायला जागा नाही. आता ती स्वतः पाळी सांभाळत होती. तरी अख्खा वॉर्ड तिला अजून धाकटीच म्हणायचा.

आता गंमत बघा. ज्या बाईनं वॉर्डात आकड्यांचा एवढा बाऊ केला, तिच्या घरचा थर्मामीटर कित्येक वर्षं कपाटातून बाहेर आला नव्हता. आजूबाजूला कुणाचं अंग तापलं की लोक सिस्टरांना हाक मारत. त्या हाताची मागची बाजू कपाळाला लावत आणि सांगत, "शंभरच्या आत आहे, घाबरू नका." आणि ते बरोबर निघायचं. यजमान टेलर होते. पुढच्या खोलीत दुकान, मागं संसार. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत. मास्तर कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, "आमच्याकडे दोन मापं आहेत. माझी टेप आणि हिचा हात. टेप एखादवेळी चुकेल."

मास्तर बोलके, आणि दुखण्याच्या बाबतीत तर जरा जास्तच बोलके. दोन शिंका आल्या की निरवानिरवीची भाषा सुरू. तीस वर्षं हे ऐकून सिस्टरांनी त्या बाबतीत कानात बोळेच घातले होते. दिवसभर खरे आजारी बघायचे आणि घरी येऊन या हौशी आजाऱ्याचं ऐकायचं, हे त्यांच्या जिवावर यायचं.

त्या आठवड्यात मंगळवारी मशीनची सुई मास्तरांच्या बोटात आरपार घुसली. सिस्टरांनी बोट धुतलं, मलम लावलं, पट्टी बांधली. मास्तरांना साखरेचा त्रास जुना होता, म्हणून "हात पाण्यात घालू नका" एवढं बजावलं आणि विषय संपला.

शुक्रवारी दुपारी त्या ड्यूटीवरून आल्या तेव्हा मास्तर कापायच्या टेबलावर डोकं टेकून बसले होते. ताटावर झाकण तसंच.

"जेवला नाहीत?"

"इच्छा नाही गं. थंडी वाजतेय. सगळं अंग ठणकतंय."

सिस्टरांनी हाताची मागची बाजू कपाळाला लावली. कपाळ गार होतं. थोडं ओलसर आणि गार.

"ताप नाही तुम्हाला. सोंगं पुरे. पडा जरा."

मास्तर उठले आणि आतल्या खोलीऐवजी रस्त्याच्या दाराकडे निघाले. त्यांना दंडाला धरून वळवताना सिस्टरांची नजर हँगरवरच्या कोटावर गेली. बँकेतल्या एका कारकुनाचा राखाडी कोट. दोन्ही बाह्यांची अदलाबदल झाली होती. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. आत माणूस असता तर त्याची कोपरं उलटी वाकली असती. चाळीस वर्षं बाह्या लावणाऱ्या हातानं हे केलं होतं.

सिस्टरांना हसू फुटलं. "अहो, हा कोट कुणासाठी? पाठीमागं जेवणाऱ्यासाठी?"

मास्तरही हसले. पण कशाला ते त्यांना कळलं नव्हतं, हे सिस्टरांच्या फार उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर धापा टाकत होते. बोट काळंनिळं, ओठ पांढरे, आणि बायकोकडे बघून विचारत होते, "बाई, माप द्यायला आलात का?" शेजाऱ्याच्या गाडीत घालून सिस्टरांनी मास्तरांना स्वतःच्याच वॉर्डात आणलं आणि तीन नंबरच्या खाटेवर ठेवलं. बोटातला जंतू रक्तात पसरला होता. रक्तदाब पार खाली आणि ताप पंच्याण्णव पॉइंट आठ, म्हणजे नव्हताच.

तरुण डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. धाकटी लिहून घेत होती. भोवती तीन नर्स, तिघी सिस्टरांच्याच हाताखाली तयार झालेल्या.

"कालपासून बरं नव्हतं? ताप होता?"

खरं उत्तर होतं, माहीत नाही, मी मोजलाच नाही, हात लावला आणि हसले. सिस्टरांनी भोवतीच्या तिघींकडे एकदा बघितलं.

"होता," सिस्टर म्हणाल्या. "दुपारी. एकशे दोन. गोळी दिली, उतरला."

धाकटीनं एकशे दोन लिहिलं. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मोठ्या सिस्टरांचा आकडा, त्यात काय विचारायचं?

बोटाचा सडका भाग काढला, सलाइन आणि जंतूंवरची इंजेक्शनं सुरू झाली, मास्तरांना श्वासाच्या मशीनवर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर सिस्टरांना बाजूला घेऊन बोलले.

"तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. जंतू एकच असला तरी प्रत्येक शरीर त्याला सारखं उत्तर देत नाही. कुणाचं शरीर नुसतं आकांडतांडव करतं, स्वतःचंच नुकसान करून घेतं. तिथं भडका आवरणारं औषध द्यायचं. कुणाचं मात्र हातपाय गाळून बसतं, लढतच नाही. त्याला हेच औषध दिलं तर उरलंसुरलं बळही जातं. मास्तर कुठल्या गटातले हे सांगणारी तपासणी पाठवलीय, पण तिला दोन दिवस लागतील. तेवढा वेळ आपल्याकडे नाही."

"मग?"

"आत्ता अंग गार आहे खरं. पण सुरुवातीला गोळी घ्यावी लागावी इतका ताप चढला होता, म्हणजे शरीर भडकलेलं आहे. औषध सुरू करतोय."

सिस्टरांनी मान हलवली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. पलीकडे धाकटी इंजेक्शन भरत होती, सिरिंज उभी धरून हवा काढत होती. गप्प बसलं तर कुणालाच कधी काही कळणार नव्हतं. मास्तर गेले असते तरी लोकांनी म्हटलं असतं, सिस्टरांनी सगळं वेळेवर केलं हो.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "तो आकडा खोटा आहे."

धाकटीला कळेना. "कुठला आकडा, सिस्टर?"

"एकशे दोन. ताप नव्हताच. मी मोजलाही नाही. हात लावला, कपाळ गार होतं, म्हणून झोपवलं. गोळीही दिली नाही. मी खोटं बोलले."

धाकटीनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी सिस्टरांकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, "हे औषध नको. तपासणी येईपर्यंत थांबू."

मग सिस्टरांनी केसपेपर मागितला. चुकीचं खोडायची वॉर्डाची रीत त्यांनीच सगळ्यांना शिकवली होती. गिरगटायचं नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. त्यांनी एकशे दोनवर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'ताप मोजला नव्हता.' त्या सही करत असताना धाकटीनं खालून कागद धरला.

तपासणी आली. मास्तरांच्या शरीरानं खरंच हातपाय गाळले होते. ते औषध गेलं असतं तर दोन दिवसही निघाले नसते, डॉक्टर म्हणाले. नाही गेलं, म्हणून नऊ दिवस निघाले. सातव्या दिवशी मास्तरांनी थोडा वेळ डोळे उघडले आणि बायकोचा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला. तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं, पण भुवया उंचावून त्यांनी विचारलं, किती? सिस्टर म्हणाल्या, "थांबा, बघून सांगते," आणि थर्मामीटर आणायला वळल्या. परत आल्या तोवर मास्तरांचा डोळा लागला होता. दोन दिवसांनी ते गेले.

महिन्याभरानं कारकून कोट न्यायला आला. बाह्या बघून चपापला, मग संकोचून म्हणाला, "राहू द्या हो, दुसरीकडे उसवून घेईन."

"हा कोट मला हवाय," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला याच कापडाचा दुसरा शिववून देते." कारकुनाला त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही.

आता तो कोट नर्सेसच्या खोलीत खुंटीला असतो. नव्या मुली आल्या की मोठ्या सिस्टर पहिल्या दिवशी तो खाली काढतात. आवाज पहिल्यासारखा चढत नाही.

"या पेशंटला ताप नव्हता. अंग गार होतं. पण ही बाही बघा. रोजचं काम माणसाच्या हातून असं चुकायला लागलं, की आधी त्याचा श्वास मोजा, रक्तदाब घ्या, आणि लगेच डॉक्टरांना हाक मारा. गार आहे म्हणून सोडू नका."

परवा एका मुलीनं कोट हातात घेऊन उलटसुलट केला. तिला काही माहीत नव्हतं. भाबडेपणानं तिनं विचारलं, "सिस्टर, एवढं ढळढळीत दिसतंय. घरात कुणी बघितलं नव्हतं का?"

दारात धाकटी उभी होती. ती घाईघाईनं पुढं झाली, पण सिस्टरांनी तिला हातानं थांबवलं.

"बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी बघितलं होतं."

"मग काय केलंत?"

"हसले."