तळाचा पत्ता

मुंजाजीची हयात मेंढरांमागं गेली. वाटेत अनोळखी माणसानं विचारलं, "आज तळ कुठं?" तर खरं सांगायचं नाही. "पाणी मिळंल तिथं," म्हणायचं. नाहीतर मेंढरं चोरीला जातात. ही रीत त्यानं पुतणीला, बबितालाही शिकवली.

बबिता अंबाजोगाईला शिकते. मुंजाजीच्या बायकोचा, सारजाबाईचा बायकांचा गट घोंगड्या विणतो. त्यासाठी बबितानं वेबसाइट केली. ईमेलचा पत्ता मात्र अक्षरांत न लिहिता चित्र करून टाकला. मुंजाजीला ते खटकलं.

"पत्ता झाकायला आपुन चोर हाव का? उघडा लिही."

"काका, मशिनी वेबसाइट चाळत फिरत्यात. उघडा पत्ता दिसला की उचलत्यात. मग नुसता कचरा येतो."

"येऊ दे. मी हाय ना काढायला."

तिनं लिहिला. थोड्याच दिवसांत लॉटऱ्या, औषधं, कर्जं यांचा पूर आला. आधी मुंजाजी एकेक वाचून पुसायचा. मग कंटाळला. सगळं निवडायचं, एका झटक्यात उडवायचं. याला काम म्हणत नाहीत, उरकणं म्हणतात. त्याला ते ठाऊक होतं.

गटानं पुण्याच्या एका प्रदर्शनात जागा मागितली होती. एके दिवशी त्या प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. सारजाबाईनं घेतला. "होकार कळवा म्हणून ईमेल टाकला होता. उत्तर नाही, म्हणून तुमची जागा दुसऱ्यांना दिली."

कातून, विणून, चिंचोक्याची खळ देऊन वाळवलेल्या घोंगड्यांची थप्पी घरात तशीच राहिली.

"तसं काई आलतंच न्हाई," मुंजाजी म्हणाला.

बायकांनी विश्वास ठेवला. ओसरीवर गटातल्या छबुबाईनं पुणेकरांचा उद्धार सुरू केला. "लई शिकल्यालं हायत, खोटं बोलायला!"

सारजाबाईनं भांडायला फोन उचलला, तेव्हा मुंजाजीनं तिचा हात धरला.

"नको लावू. आलता. म्याच पुसला. न वाचता."

तिनं फोन खाली ठेवला.

"तळ इचारणाऱ्याला तुमी काय सांगायचात?"

"पाणी मिळंल तिथं," मुंजाजी म्हणाला.

"पोरीला पत्ता झाकाया सांगा."

"सांगतो."

"आन् छबुबाईला मी न्हाई सांगायची. ती पुण्याच्या लोकांला शिव्या देतीय. त्या तुमच्या हायत. जाऊन घ्या."

थप्पीला वळसा घालून तो ओसरीकडे निघाला.