जपान बोअरमध्ये गेला

बुलढाण्याहून धाड गावाला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही. ती भरेपर्यंत स्टँडवर बसून करायचं काय? बोलायचं. आम्ही धाडच्या शाळेतली चार-पाच माणसं रोज अशी बसून बोलतो, त्यामुळे सीटखाली धूळ साचावी तसे आमच्या जीपमध्ये किस्से साचले आहेत, आणि झटकायला कोणी मोकळं नाही. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. गेल्या काही वर्षांतले निम्मे किस्से एकट्या इंगळे मॅडमचे आहेत. ते ऐकून लोक हसतात. मीही हसते, पण हसून झाल्यावर मला जो राग येतो तो घरी पोहोचेपर्यंत जात नाही.

इंगळे मॅडम म्हणजे शोभा इंगळे, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. लग्न केलं नाही. बुलढाण्यात स्वतःच्या पगारातून बांधलेलं दोन खोल्यांचं घर. माहेर पिंपळगाव राजाला. तिथं भाऊ, भावजय, भाचा विकी, एक भाची आणि शेती. एका सकाळी जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, की रिटायर झाल्यावर पाठीवर सॅक टाकून वर्षभर जग फिरायचं आहे. टूर कंपनीबरोबर नाही, एकटीनं. त्याचं बजेट काढणं चालू आहे.

आमचे पीटीचे खरात सर पुढच्या सीटवर होते. मान न वळवता म्हणाले, "जगाले कळवलं का, मॅडम?"

*

बजेट काढायला मग सगळी जीप लागली. जेवणाचा खर्च खरात सरांनी दोन मिनिटांत उडवला. दशम्या, तिखट आणि शेंगदाण्याचे लाडू नेले की झालं. गाडीभाडी मॅडमनी स्वतः काढून ठेवली होती. गाडं अडलं ते मुक्कामाच्या खर्चावर. मॅडम सांगत होत्या, की पेरूसारख्या देशात स्वस्तात राहायचं तर एका खोलीत आठ खाटा असतात, आपण एका खाटेचे पैसे द्यायचे. आमच्याकडे माणूस परगावी गेला की आपल्या माणसाकडे उतरतो. पैसे देऊन अनोळखी लोकांत झोपायचं, हे कोणालाच पटेना.

"पेरूत कोनी नाही का आपलं?" ड्रायव्हर सुभाषनं विचारलं.

सगळे खरंच विचारात पडले. मागच्या सीटवर एक आजोबा होते, आमच्या ओळखीचे नाहीत. त्यांना आठवलं की दुसरबीडच्या कोणाचा तरी पोरगा बाहेर असतो. बाहेर म्हणजे कुठं, ते त्यांना माहीत नव्हतं. पण धाड येईपर्यंत पेरूचा मुक्काम त्याच्याकडे पक्का झाला होता. उतरताना आजोबांनी मॅडमना बजावून सांगितलं, "माहं नाव सांगजा त्याले." आपलं नाव काय, ते मात्र सांगायला विसरले.

*

पाठीवरचं ओझं दहा किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे विमानाला जास्तीचे पैसे पडत नाहीत. त्याची सवय व्हावी म्हणून मॅडम सॅकमध्ये ज्वारी भरून शाळेत यायला लागल्या. स्टँडपासून शाळेपर्यंत चालत यायच्या आणि दिवसभर ती सॅक स्टाफरूमच्या कोपऱ्यात उभी असायची.

धाडच्या बाजाराच्या दिवशी एका व्यापाऱ्यानं त्यांना रस्त्यात थांबवलं. सॅकमध्ये काय आहे ते विचारलं, मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन फुंकली आणि भाव सांगितला. मॅडम म्हणाल्या, विकायची नाही. त्यानं ज्वारी परत सॅकमध्ये टाकली.

"मंग काऊन फिरवून राह्यल्या, बाई, तिले?"

ही गोष्ट हेडमास्तरांपर्यंत गेली. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

*

मॅडमनी पैशांचे वाटे देशांच्या नावानं केले होते. पीएफमधले इतके दक्षिण अमेरिकेचे, इतके आफ्रिकेचे, एफडी मोडली की युरोप, असं. त्यामुळे पिंपळगावहून भावाचा फोन आला, की घरात काय घडलं ते आम्हाला भूगोलात कळायचं.

विकीला पुण्यात इंजिनिअरिंगला घातलं, तेव्हा दक्षिण अमेरिका गेली. पेरूसकट. भाचीच्या लग्नात आफ्रिका गेली. मानपानात जावयाच्या मोटारसायकलचा विषय निघाला आणि त्यात ऑस्ट्रेलिया गेला. युरोप भावानं ट्रॅक्टरसाठी नेला. दर वेळी मॅडम जीपमध्ये बसल्या की खरात सर आरशातून त्यांच्याकडे बघून विचारायचे, आज कोणतं गेलं?

एके दिवशी त्या म्हणाल्या, "जपान. भाऊ शेतात बोअर मारून राह्यला."

आठवड्यानं सरांनी विचारलं, "लागलं का पानी?"

"नाही. कोरडाच गेला."

सगळी जीप हसली. मॅडमही हसल्या. मी त्यांच्या शेजारीच होते, त्यांचा हात सॅकच्या पट्ट्यावर आवळलेला मला दिसत होता.

एकट्या बाईचा पैसा म्हणजे रस्त्यावरचा हापसा. ज्याला तहान लागेल त्यानं येऊन दांडा हलवायचा, आणि हापशाला कोणी विचारत नाही. आम्हा लग्न झालेल्यांचं बरं असतं. आमच्याकडे कोणी मागत नाही, कारण आमचा पगार मागायच्या आधीच गेलेला असतो.

मी एकदा चिडून त्यांना म्हटलं, की तुम्हाला नाही म्हणता येत नाही का. त्या म्हणाल्या, एकदा म्हणून पाहिलं. तर भावजय पदर डोळ्याला लावून बसली आणि म्हणाली, "एकट्या जिवाले एवढं कायले लागते, ताई?"

*

दिवाळीत विकी आत्याला भेटायला म्हणून बुलढाण्याला आला. फराळ केला, मग खिशातून टेप काढून आतली खोली मोजली. मॅडम स्वयंपाकघरातून बघत होत्या. माप मोबाइलमध्ये टाकून तो म्हणाला, "आत्या, कपाट इथून काढलं तं माहा डबल बेड बसते." वर हेही सांगितलं, की घाई नाही. आत्या आहे तोवर आत्यानं राहावं.

हे मॅडमनी जीपमध्ये सांगितलं तेव्हा खरात सरांनी विनोद केला नाही. सुभाषनं मात्र विचारलं, की डबल बेड कशाला, त्याचं लग्न जमलं का? मॅडम म्हणाल्या, "बेड आधी घेतला त्यानं."

*

त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला स्टाफनं वर्गणी काढली. मॅडमना काय हवं ते विचारायला मलाच पाठवलं. त्या लाजत म्हणाल्या, की चांगला हलका रेनकोट मिळाला तर बरं, बजेटमध्ये तो बसत नव्हता. मी मीटिंगमध्ये तसं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लोखंडी कपाट आणलं. रेनकोट काय द्यायचा, फोटोत दिसत नाही, असं हेडमास्तरांचं म्हणणं पडलं.

भाषणात ते म्हणाले, की मॅडम आता मोकळ्या झाल्या, आता भाच्यांचा संसार त्यांनीच उभा करून द्यायचा आहे. टाळ्या झाल्या. बाहेर भावाचा ट्रॅक्टर उभाच होता. कपाट मॅडमच्या घरी गेलंच नाही, शाळेच्या गेटमधून थेट पिंपळगाव राजाला गेलं. युरोपवर बसून गेलं, म्हणाना!

*

आता मॅडमकडे व्हिएतनाम आणि कंबोडिया एवढंच उरलं होतं. तेव्हा भावाला मावंदं आठवलं.

काशी-रामेश्वर करून माणूस सुखरूप घरी आला, की तो गावाला जेवण घालतो, ते मावंदं. मावंदं झालं म्हणजे यात्रा संपली, माणूस परत आला. भावाचं म्हणणं होतं, की आपल्या घरातून पहिल्यांदा कोणी जग बघायला चाललंय, गाव विचारून राहिलं, जेवण तर घालावंच लागेल.

मॅडम म्हणाल्या, आल्यावर घालू.

"तू कवा येशीन, काय सांगता येते? तवरोक तुह्याजोळ पैसे राह्यतीन का? आताच घालून टाकू," भाऊ म्हणाला. "खर्च तुहा, मेहनत आमची."

मला वाटलं, आता तरी बाई भांडतील. रिटायर झाल्यावरही त्या सकाळी जीप स्टँडवर गप्पांना यायच्या, त्या दोन दिवस आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा सगळ्यांना आमंत्रण देऊन गेल्या.

आम्ही सुभाषच्या जीपनं पिंपळगावला गेलो. मांडव, लाउडस्पीकर, रोडगे, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. न गेलेल्या यात्रेचं मावंदं सगळं गाव जेवत होतं. बाया येऊन मॅडमच्या पाया पडत होत्या आणि तिकडच्या देवाला वाहायला म्हणून दहा-दहाच्या नोटा त्यांच्या हातात कोंबत होत्या. एका म्हातारीनं विचारलं, की तिकडे देव कोणता असतो. मॅडम म्हणाल्या, "पाह्यतो न जाऊन." भावजयीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की ताईंची एवढी हौस आहे तर आठ-पंधरा दिवस नेपाळला जाऊन येतील, मग इथंच राहून नातवंडं सांभाळतील.

पण मॅडम त्या दिवशी अशा खुशीत होत्या, की मला त्यांचाही राग आला. स्वतः बुंदीची बादली घेऊन पंगतीत फिरत होत्या. भावाला तर आग्रह करकरून वाढलं, तो नको नको म्हणत असताना वाढलं. "घे न. पोटभर जेव," म्हणत होत्या.

परत निघताना खरात सरांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि म्हणाले, "व्हिएतनाम चवीले बरा होता." त्यांना हसू आलं नाही आणि आम्हालाही आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मॅडम बुलढाण्याच्या स्टँडवर सॅक घेऊन उभ्या होत्या. खरात सरांनी सॅक उचलून पाहिली आणि विचारलं, ज्वारी आहे का. त्या म्हणाल्या, या वेळेस कपडे आहेत. आम्ही नेपाळला सांभाळून जा म्हटलं. त्या आमच्याकडे बघून हसल्या आणि मुंबईच्या गाडीत चढल्या.

नंतर बरेच दिवस काही नाही. मग एका सकाळी जीपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. कुठलंसं रेल्वे स्टेशन, पाटीवरचं एकही अक्षर आपल्याला लागणार नाही असं, आणि पाटीखाली सॅक घेतलेल्या मॅडम. अंगात नवा रेनकोट. फोटोखाली एवढंच लिहिलं होतं, "बोअरले पानी लागलं."

खरात सरांनी तो फोटो जीपभर फिरवला. अनोळखी पॅसेंजरलाही दाखवला.

तो फोटो फिरत फिरत पिंपळगावलाही पोहोचला असणार. कारण पुढच्या आठवड्यात, आम्ही जीप भरायची वाट बघत होतो, तेव्हा मॅडमच्या भावाचा मला फोन आला. मी स्पीकर लावला. विकी डबल बेड टेम्पोत टाकून बुलढाण्याच्या घरी गेला होता, तर दार एका अनोळखी बाईनं उघडलं. म्हणाली, आम्ही हे घर विकत घेतलं.

"मावंद्याच्या आंधीच इकलं तिनं, मॅडम," भाऊ म्हणाला. "आमाले एका शब्दानं बोलली नाही. पंगतीत मले वाढून राह्यली होती, अन् घर इकेल होतं."

सुभाष फोनजवळ येऊन उभा राहिला.

"म्या तिले फोन लावला. म्हटलं, घर इकलं, मंग आता राह्यशीन कुठं? वापस कवा येशीन? तं म्हणते, मावंदं तं जेवले न तुमी. याचा अर्थ काय घ्याव म्या, मॅडम?"

मी खरात सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तेवढ्यात शेवटचा पॅसेंजर येऊन बसला आणि सुभाषनं दार ओढून घेतलं.

"जीप भरली, भाऊ," मी म्हटलं आणि फोन ठेवला.