जावयाच्या गाडीचं नळकाम

गल्लीत त्याला सगळे काटकोन म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नळकाम करणारा माणूस, उभा जन्म पाइप काटकोनात वळवण्यात गेलेला, आणि बोलणंही तसंच. तुम्ही सरळ काही विचारावं, त्याने मध्येच वळून तुमच्याच अंगावर यावं. नळ गळतोय म्हणून बोलवायला गेलं तर "गळणारच, घर तुमचं आहे ना," एवढं ऐकून घ्यायचं आणि निमूट त्याच्या पुढे चालायला लागायचं. कारण त्याने जोडलेला सांधा पुन्हा कधी गळत नसे. या एका गुणावर त्याने सगळ्या जगाच्या डोक्यावर मिरे वाटले. कंत्राटदारांशी भांडला, शेजाऱ्यांशी भांडला, हाताखाली आलेला एकही माणूस महिनाभर टिकू दिला नाही. बायको फारसं न बोलता जगली आणि फारसं न बोलता गेली. राहिली एक लेक. तिच्याशी मात्र आपलं पटतं, असं तो मनाशी धरून होता. तिला कधी विचारलं नव्हतं.

लेकीने लग्न केलं ते एका व्हॅनवाल्याशी. पोरगा तसा वाईट नव्हता, पण वाईट असण्याची वाट काटकोनाने पाहिलीच नाही. पहिल्या दिवसापासून त्याने त्याच्याशी उभा दावा मांडला. पुढे जावयाची भाड्याची खोली गेली आणि दोघं 'दोनच महिने' म्हणून याच्या घरी राहायला आली. त्या दोन महिन्यांना तिसरं वर्ष लागलं होतं. घरजावई हा शब्द काटकोन दिवसातून दहादा उच्चारायचा, कधी पाण्याच्या मोटरला उद्देशून, कधी भिंतीवरच्या घड्याळाला. जावईही काही कमी नव्हता. न्हाणीघरातून बाहेर येताना मोठ्याने म्हणायचा, "नळवाल्याच्या घरातलाच नळ ठिबकतो, बघितलंस का गं?"

दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. मधे लेक.

"तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी दारात लावू नकोस म्हणावं. तेल सांडतं."

"तुझ्या बाबांना सांग, तेल सांडायला आधी तेल असावं लागतं."

तिने निरोप पोचवायची गरजच नसे, दोघांच्या मध्ये हातभर अंतर असायचं. ती भाजी चिरत बसायची, वर बघायचीसुद्धा नाही. काटकोनाला वाटायचं, सवय झाली पोरीला.

मग एक दिवस बातमी आली. घाटापलीकडच्या गावात औषधांचं मोठं गोदाम होतं, त्यांचा माल दुकानादुकानांत पोचवायचं काम जावयाला मिळालं. राहायला दोन खोल्याही मिळणार होत्या. अट एकच, गाडी भरल्या मालानिशी रोज घाट चढली पाहिजे. आणि गाडी तर गल्लीच्या तोंडाचा चढसुद्धा खोकत खोकत चढत होती. इंजिनाला हवा पोचवणारा डबा चिरला होता, त्याच्या पुढची नळी फाटली होती, धूळ थेट आत जात होती. कंपनीचा डबा घ्यायचा तर गाडीच विकावी लागली असती.

काटकोनाने बातमी ऐकली. पोरगी जाणार. आपण या घरात एकटे उरणार, घड्याळाशी भांडत. तोंडाने तो म्हणाला, "बरं झालं. पीडा टळली."

त्याच संध्याकाळी लेक त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "बाबा, तुमच्याकडचा पाइप लावून हवेचा रस्ता करता येईल का? गॅरेजवाला म्हणतो, लोक करतात तसं."

"त्याला सांग ना, करू दे की. मोठा ड्रायव्हर."

"त्याला येत नाही. तुम्हाला येतं."

हे असं कुणी म्हटलं की काटकोनाची मान ताठ व्हायची. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो निघालं. शिवाय जावयासमोर आपल्या हाताचं काम ठेवायची खुमखुमी होतीच. दाखवतोच म्हणाला मनात, बघशील आणि गप्प बसशील.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हॅनचं तोंड उघडलं. धुराड्याच्या बाजूने न्यायचा नाही, प्लास्टिक तापून लोळागोळा होईल, हे त्याने हात लावूनच ओळखलं. बॅटरीच्या कडेने पाइप काढायचा, दोन एल्बोंनी, म्हणजे काटकोनी जोडांनी, वळवायचा, दिव्याच्या मागे थंड कोपऱ्यात हवा गाळायची जाळी बसवायची आणि दुसरं टोक इंजिनाच्या तोंडाला द्यायचं. इंजिन थरथरतं, म्हणून तिथे मध्ये मऊ रबर हवं. त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून चढवली, दोन्हीकडून क्लिपा आवळल्या. पाइपाच्या कडा कानशीने घासल्या, आतला भुसा फुंकून काढला. काम देखणं झालं. कामावर जाणारे चार जण थांबून बघून गेले.

जावयाने गाडीत विटा भरल्या आणि गावाबाहेरच्या टाकीच्या चढाला नेली. तासाभराने परत आला तो दुसऱ्या गाडीला दोर बांधून, तिच्यामागून फरफटत. दारात उतरला, हात झटकले आणि बायकोला म्हणाला, "तुझ्या बाबांना सांग, इंजिन म्हणजे न्हाणीघर नव्हे."

काटकोनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ट्यूब चोखलेल्या फळासारखी चपटी होऊन बसली होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. जन्मभर त्याने पाणी वाहून नेलं होतं. पाणी आतून बाहेर ढकलतं. त्याचे सगळे जोड, त्याची सगळी हुशारी त्या ढकलण्याविरुद्ध उभी होती. इथे उलटं होतं, इंजिन आत ओढतं. चढाला जोर लागला, त्याने जोरात ओढलं आणि ट्यूब मिटली. इंजिनाचा जीव गुदमरला. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि ती जास्त लागली. पाण्याचा जोड कच्चा असला तर ठिबकून चुगली करतो. हवेचा कच्चा जोड काहीच सांगत नाही. गुपचूप धूळ ओढत राहतो, आणि महिन्यांनी इंजिन धूर ओकायला लागलं की मगच कळतं.

जावई तीन दिवस 'न्हाणीघर' हा शब्द चघळत होता. जेवताना म्हणाला, "पाणी देतेस का? की त्यालाही एल्बो लावायचाय?" काटकोन ताटावरून उठला.

उठला तो भंगारवाल्याकडे गेला आणि ट्रकच्या रेडिएटरची जाड नळी घेऊन आला. सगळं सोडवलं, पुन्हा जोडलं. या वेळी प्रत्येक सांध्याला पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावलं, आत ओघळलेलं काडीला चिंधी गुंडाळून पुसून काढलं. एक खपली सुटली तर थेट इंजिनात जाईल. बॅटरीमागचा शेवटचा एल्बो तेवढा नुसता दाबून बसवला, कारण रात्री बॅटरी चार्जिंगला काढायची होती आणि त्यासाठी तो काढावा लागणार होता. मग इंजिन चालू ठेवून डासांची कॉइल पेटवली आणि तिचा धूर एकेका जोडापाशी धरला. धूर कुठेच आत ओढला गेला नाही. शेवटच्या एल्बोपाशीसुद्धा नाही, नवा सुका जोड घट्टच असतो.

जावयाने पुन्हा विटा भरल्या आणि टाकीचा चढ चढून आला. बायकोला काही म्हणाला नाही. काटकोनाला हवं होतं ते मिळालं, आणि मिळताक्षणी त्याला कळलं की आपण काय करून बसलोय. निघायचं दुसऱ्या सकाळी ठरलं.

सकाळी दोघं आत सामान बांधत होती. काटकोनाने चार्ज झालेली बॅटरी परत बसवली, शेवटचा एल्बो हातात घेतला, सोल्यूशनच्या डब्याचं झाकण उघडलं. आणि पुन्हा लावलं. एल्बो तसाच कोरडा दाबून बसवला. कुणाला मारायचं त्याच्या मनात नव्हतं. गाडीच्या थरथरीने हा जोड हळूहळू ढिला होईल, धूळ आत जाईल, गाडीचा जोर जाईल. घाट चढेनाशी होईल, काम सुटेल. मग यायचं कुठे? इथेच. येऊ दे, घरजावई तर घरजावई. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून कच्चा जोड मारला आणि गाडीचं तोंड बंद करायला हात वर केला.

"थांबा," लेक म्हणाली.

ती केव्हा येऊन उभी राहिली होती, त्याला समजलं नाही. शाळेच्या वयात ही पोरगी सुट्टीत त्याच्या कामावर यायची, त्याची रीत तिने पाहिलेली. तो पाइप आणि एल्बोवर पेन्सिलची एक रेघ ओढायचा, सोल्यूशन लावायचा, रेघेला रेघ जुळवायचा, आणि वर आलेलं सोल्यूशन पुसताना ती रेघ अर्धी पुसली जायची. बाकी सगळ्या जोडांवर रेघा पुसट होत्या. बॅटरीमागची रेघ आत्ता काढल्यासारखी होती. तिने दोन बोटांनी एल्बो धरून पिळला. तो फिरला.

"हा सुका आहे."

"राहिला असेल."

"तुमचा जोड राहतो?"

काटकोनाने वळायचा प्रयत्न केला. "तुझ्या त्या नवऱ्यामुळे डोकं ठिकाणावर आहे कुठे माझं. घाटापलीकडे नेऊन टाकतोय तुला. इथे काय कमी होतं?"

"तो मला नेत नाहीये, बाबा." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मी त्याला नेतेय. गोदामात फोन मी केला होता. काम मी शोधलं. तो नको म्हणत होता, इथे बरं चाललंय म्हणाला. खरंच बरं चाललं होतं त्याचं. तुमच्याशी भांडल्याशिवाय त्याला घास उतरत नाही आणि तुम्हाला त्याच्याशी. तुम्ही दोघं मजेत आहात. रोज मध्ये बसून मी ऐकतेय. आणि त्याच्याआधी आई ऐकत होती."

काटकोनाने एल्बो उपसून हातात घेतला.

तिने खाली वाकून डबा उचलला, झाकण काढलं आणि त्याच्यापुढे धरला. "लावा."

त्याला वाटलं होतं हात चुकेल. हात कुठला चुकतोय. त्या मेल्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. सोल्यूशन सारखं पसरलं, रेघेला रेघ जुळली, जोड दाबून धरला. वर आलेलं तिने आपल्या ओढणीच्या टोकाने पुसलं.

"त्याला सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

"नाही. सांगितलं तर तुम्हा दोघांना आणखी दहा वर्षं पुरेल."

जावई सामान घेऊन आला. "झालं का त्यांचं?" त्याने नेहमीसारखं बायकोला विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "काम चांगलं झालंय."

जावयाने आत डोकावलं, पाइपावरून नजर फिरवली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याकडे वळून थेट त्याच्याशी बोलला. "येतो," म्हणाला. काटकोनाने गाडीचं तोंड बंद केलं.

गाडी गल्लीच्या तोंडाचा चढ एका दमात चढली. तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तो दारात उभा राहिला आणि मग सवयीने जावयाला एक सणसणीत शिवी हासडली. शिवी पुरती तोंडाबाहेर पडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पोरीला त्याने नेलेलं नाही. तो आत आला. घड्याळासमोर बराच वेळ उभा राहिला, आणि त्यालाही काही बोलला नाही.