बायबलवरचे पांढरे डाग

एक वेळ सोडली तर दयाकाकूंना मी रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नाही. गप्पा मारायला आल्या तरी हातात करवंटीचा तुकडा असायचाच. आमचीच पातेली पुढ्यात ओढून त्या आतला पांढरा थर खरवडायला लागायच्या. आई म्हणायची, "वैनी, बसा की जरा." त्या म्हणायच्या, "बसलेच हाय की," आणि खरवडणं चालूच.

गावच्या पाण्याच्या गोडीवर लिहिणाऱ्यांना मी एकदा आमच्या विहिरीवर नेणार आहे. मिरजगावपासून चार मैलांवर आमची ख्रिस्ती वस्ती. विहीर मिशनने खोदून दिलेली, पाणी बारमाही; पण असं जड की साबणाला फेस म्हणून येत नसे, हंडे आतून चुना फासल्यासारखे पांढरे व्हायचे, आणि सकाळी चढवलेली डाळ संध्याकाळी दाताखाली कचकन वाजायची. दयाकाकू नेवाशाच्या, प्रवरेचं पाणी प्यायलेल्या. लग्न होऊन आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या वरणाला सगळी वस्ती हसली. ते हसणं त्या विसरल्या नाहीत.

मी सांगतोय ती गोष्ट १९४६ सालच्या डिसेंबरातली. मी तेव्हा दोन महिन्यांचा, म्हणजे सगळं ऐकीव. आईने एक सांगितलं, काकूंनी दुसरं. दोघींचं जिथे जुळतं तेवढंच मी खरं धरतो.

काकूंचे यजमान आमोस मास्तर वस्तीच्या शाळेत शिकवायचे. ते मुदतीच्या तापातून नुकतेच उठले होते. उठले कसले, नुसती हाडं उरली होती. नगरचे डॉक्टर बजावून गेले, "ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका. आतडं अजून कच्चं आहे. तीन आठवडे पेज आणि लोण्यासारखं मऊ वरण. एक टणक दाणा पोटात गेला आणि आतडं फाटलं, तर माझ्या हातात काही नाही."

लोण्यासारखं वरण, आणि तेही आमच्या विहिरीच्या पाण्यात! दूध मास्तरांना पचेना. डाळीत पापडखार घातला तर उलटी. फडक्यातून गाळली तर खाली नुसतं पिवळं पाणी. काकू दाणा अंगठ्याखाली चिरडून बघायच्या, कणी लागली की पातेलं बाजूला सारायच्या आणि दुसरं चढवायच्या. चुलीपासून खाटेपर्यंत, खाटेपासून चुलीपर्यंत, बाईच्या पायाला दिवसभर ठाव नव्हता. मास्तर डोळ्यांदेखत खंगत चालले होते. गोडं पाणी सीना नदीच्या वाळूतल्या झिऱ्यांना होतं, पण पाच मैलांवर. नवऱ्याला तसं टाकून जाणार कशी? आणि जे आपल्या वरणाला हसले त्यांच्यापुढे पदर पसरणं काकूंच्या रक्तात नव्हतं.

वस्तीत गोडं पाणी एकाच ठिकाणी होतं. आमच्या चर्चच्या पत्र्यावरून उतरलेलं पावसाचं पाणी आत कोपऱ्यातल्या लहानशा रांजणात झाकून ठेवलेलं असे. ते फक्त बाप्तिस्म्याचं. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा गावच्या विहिरीला त्यांना शिवू देत नव्हते. मग बाप्तिस्म्याला पाणी कुठलं? आभाळातलं. त्यावर तरी कुणाची मालकी नव्हती. पुढे स्वतःची विहीर झाली, पण रिवाज तसाच राहिला. घसा कोरडा पडला तरी त्या रांजणाला कुणी हात लावत नसे.

काकूंनी लावला. चर्च झाडायचं काम त्यांच्याकडेच होतं. रोज सकाळी झाडून निघताना एक तांब्या पदराआड. पहिल्या दिवशी डाळ अशी विरघळली की काकू चुलीपुढे बसून रडल्या. मास्तर नऊ दिवस पोटभर जेवले, उशीला टेकून बसायला लागले. आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मंडळीच्या पाळकांनी, नाताळाआधीच्या रविवारी माझा बाप्तिस्मा ठरवला.

शनिवारी काकूंनी रांजणात डोकावलं. पाणी निम्म्यावर आलेलं. दुपारी वस्ती सामसूम असताना त्यांनी विहिरीवरून दोनदा घागर आणली आणि रांजण काठोकाठ भरून टाकला.

रविवारी सकाळी त्याच रांजणातला तांब्या नेऊन डाळ चढवली, ती शिजेना. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चोरी झाकण्याच्या घाईत उरलेलं गोडं पाणीही आपण नासवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन आठवड्यांतला एक अजून बाकी होता. डाळ चुलीवर तशीच ठेवून त्या चर्चमध्ये आल्या. माझ्या कपाळावर पाणी पडलं, मी कोकललो, हात झाडले, आणि मेजावरच्या वडिलांच्या काळ्या बायबलवर थेंब उडाले. शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा काकू घराकडे पळाल्या.

गीत संपेपर्यंत थेंब वाळले आणि काळ्या पुठ्ठ्यावर पांढरे डाग उमटले. तसले डाग आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर होते, पण पावसाच्या पाण्याचा डाग कुणी पाहिला नव्हता. वडिलांनी डागांकडे पाहिलं, काकूंच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि झगा न उतरवताच मास्तरांच्या घरी गेले.

काकू चुलीपुढे दाणा चिरडत होत्या. त्यांनी विचारायचीही वाट पाहिली नाही.

"पाळकसाहेब, मीच नेलं. नऊ दिस नेलं. देवाचं पानी मी डाळीत घातलं. आता लेकराचा बाप्तिस्मा खोटा झाला का वो?"

वडील खाली बसले. त्यांनी पातेल्यातला एक दाणा उचलून दाबला. टणक.

"बाप्तिस्मा झाला तो झाला," ते म्हणाले. "आपल्या हिरीचं पानी देवाला चालत न्हाई असं कुटं लिवलंय? पन वैनी, नेलं ते नेलं, रांजन भरायला कुनी सांगितलं हुतं? निम्मा दिसला असता तर आमी इचारलं असतं, आन् समदी वस्ती धावली असती!"

काकू ओक्साबोक्शी रडल्या. वडिलांनी झगा त्यांच्याच खुंटीला अडकवला, सायकलला दोन घागरी बांधल्या आणि उन्हात सीनेकडे निघाले. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या घरांनी पाळ्या लावून घेतल्या. हसणारेही त्यात होते.

मास्तर त्यानंतर एकोणतीस वर्षं जगले. मला अक्षरं त्यांनीच शिकवली. काकू घरी आल्या की त्यांची नजर हमखास बायबलवर जायची. "चिंच लावून बगू का रे? निगत्याल डाग." मास्तर म्हणायचे, "दया, समदं घर खरवडलंस. तेवढं ऱ्हाऊ दे."

मास्तर गेले त्या वर्षी नाताळात काकू आल्या आणि बायबल मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, आता काही हे डाग राहत नाहीत. पण त्यांनी करवंटी खाली ठेवली आणि डागांवर नुसता तळहात टेकला. आईने चहा आणून ठेवला, तो गार झाला, तरी त्या हलल्या नाहीत.