शेडमधली गुलाबी झाकणाची बाटली

"मंगलताई, तुमच्या दोन्ही डोळ्यांचं प्रेशर फार वाढलंय. हा काचबिंदू आहे. आणि तो काही आजकालचा दिसत नाही."

डॉक्टर मॅडम हे म्हणाल्या तेव्हा मी पर्समधून चष्म्याची डबी काढत होते. शिरूरला मी आले होते ती फक्त जवळचा नंबर बदलायला. सुईत दोरा ओवता येईना, तेवढीच माझी तक्रार होती. मला वाटलं, मॅडम दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. मी चक्क मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

मी म्हणाले, "माझं बीपी नॉर्मल असतं, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. बीपी वेगळं आणि डोळ्याचं प्रेशर वेगळं, एक नॉर्मल असलं तरी दुसरं वाढू शकतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग आमच्या ह्यांना आत बोलावून घेतलं. नवऱ्याला आत बोलावलं की काहीतरी वाईट आहे एवढं बाईमाणसाला कळतं.

मी हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी. ज्यांचं काही दुखत नाही, ज्यांना सगळं दिसतं, आणि म्हणून ज्या कधी डोळे तपासायला जात नाहीत, त्यांच्यासाठी.

आधी प्रेशर म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं. डोळ्याच्या आत स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि बारीक जाळीतून बाहेर जात असतो. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत, ते वेगळं. ती जाळी तुंबली की आत दाब वाढतो. आमच्या शेतात ठिबकच्या नळीत क्षार बसले की होतं तसंच. तो दाब ऑप्टिक नर्व्हवर पडतो. ऑप्टिक नर्व्ह म्हणजे डोळ्यातून मेंदूकडं जाणारी नस. ती हळूहळू सुकत जाते आणि दुखत मात्र नाही. बहुतेकांचं प्रेशर दहा ते एकवीसच्या मधे असतं. माझं उजव्या डोळ्यात अडतीस होतं आणि डाव्यात चौतीस.

हे मोजतात त्याला टोनोमेट्री म्हणतात. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतात, स्टँडवर हनुवटी ठेवायला लावतात, आणि निळ्या उजेडाचं एक बारीक टोक जवळ येऊन बुबुळाला हलकेच टेकतं. दुखत नाही. एवढ्या साध्या तपासणीला मी आजवर एकदाही गेले नव्हते, आणि गावात मला कुणी जा म्हटलंही नव्हतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात आहे, पण भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड. पुढची तपासणी दौंडच्या एका दवाखान्यात होती. तिचं नाव व्हिज्युअल फील्ड, म्हणजे समोर बघत असताना आजूबाजूचं, खालचं, वरचं किती दिसतं ते मोजणं. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडं बघायचं. कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला मी पटापट दाबत होते. मग दिवे येईनातच. मी वाट बघत बसले. शेवटी मशीनवरच्या मुलीला म्हणाले, "अगं, लाइट गेली का? मशीन बंद पडलं वाटतं."

ती म्हणाली, "नाही काकू, मशीन चालू आहे. दिवे लागताहेत."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. दिवे लागत होते आणि मला अंधारसुद्धा दिसत नव्हता. अंधार दिसला असता तर मी कधीच ओरडले असते. तिथं काही नव्हतंच. त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मी रडले, आणि आमचे हे माझ्या शेजारी बसून उगाच मोबाइल उघडझाप करत राहिले.

रिपोर्टच्या कागदावर माझ्या नजरेचा नकाशा होता. दोन्ही डोळ्यांच्या खालच्या भागात काळा पट्टा, उजव्यात जास्त. तो बघताना मला एकेक गोष्ट आठवायला लागली. आमची शेवंती आहे. तोडणीला गावातल्या बायका येतात आणि प्रत्येकीला एक सरी, म्हणजे झाडांची एक ओळ असते. माझ्यामागं झाडावर फूल राहत नाही असा माझा लौकिक होता. मागच्या हंगामापासून माझ्याच सरीत खालची फुलं राहायला लागली. बायका चिडवायच्या, की मंगलकाकू भुंग्यांचा वाटा ठेवतात. मीही हसायचे. ठिबकच्या नळीत पाय अडकून दोनदा पडले, तेव्हा चप्पल बदलली. उंबऱ्याला ठेच लागायची, तेव्हा उंबऱ्यालाच बोल लावला. मी सगळ्यांना नावं ठेवली, फक्त डोळ्यांना सोडून.

रिपोर्ट घेऊन पुन्हा शिरूरला गेलो. मॅडमनी घरात कुणाला काचबिंदू होता का विचारलं. नव्हता. साखर नाही, डोळ्याला कधी मार नाही. मग विचारलं, काही गोळ्या, इंजेक्शन, डोळ्यात कसले थेंब?

थेंब होते की. मी पर्समधून काढून टेबलावर ठेवले. गुलाबी झाकणाची छोटी बाटली. मला जरा अभिमानच होता, की बघा, मी डोळ्यांची किती काळजी घेते.

मॅडमनी चष्मा वर करून लेबल वाचलं. मग म्हणाल्या, "ह्यात स्टिरॉइड आहे. हे किती दिवसांपासून टाकताय?"

मी म्हणाले, "शेवंती लावली तेव्हापासून. चारपाच हंगाम झाले."

इथं आमच्या शेडची रीत सांगायला हवी. शेवंतीच्या बहरात डोळे फार चुरचुरतात. फुलांची पिवळी भुकटी उडते, बांधाला गाजरगवत असतं, डोळे लालभडक होतात. पहिल्या वर्षी माझे डोळे सुजले तेव्हा एका डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी हे थेंब लिहून दिले होते. काय गुण आला म्हणता, तासाभरात डोळे पांढरेशुभ्र. तेव्हापासून बाटली संपली की रिकामी बाटली मेडिकलमध्ये दाखवायची आणि नवी आणायची. एक बाटली माझ्या पर्समध्ये असायची आणि एक फुलं भरायच्या शेडमध्ये खिडकीत. तोडणीआधी सगळ्या बायका खिडकीपाशी यायच्या, मान वर करायच्या आणि मी एकेकीच्या डोळ्यात थेंब सोडायचे. माझा हात स्थिर म्हणून ते काम माझं. चहाच्या आधीचा थेंब असंच आम्ही म्हणायचो.

मॅडमनी समजावून सांगितलं. स्टिरॉइड हे औषध वाईट नाही, कित्येकांचे डोळे त्यानं वाचतात. पण ते मोजक्या दिवसांसाठी आणि डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायचं. सगळ्यांना नाही, पण काही जणांना त्यानं डोळ्यातली जाळी तुंबते आणि प्रेशर वाढतं. डोळा बाहेरून पांढरा दिसतो, आतून नस सुकत असते. वेळेत थांबवलं तर बहुतेक वेळा प्रेशर उतरतं, पण सुकलेली नस परत येत नाही.

मला पहिल्यांदा माझा विचार आलाच नाही, खरं सांगते. माझ्या डोळ्यांसमोर खिडकीत मान वर करून उभ्या राहिलेल्या बायका आल्या. त्यांत रुखसाना सगळ्यात पुढं. रुखसाना आमच्या शेजारची, सव्वीस वर्षांची, नवरा रांजणगावला कंपनीत शिफ्टला. तिला फुलांचा त्रास सगळ्यांत जास्त. ती सकाळी माझ्याकडून थेंब घ्यायचीच, शिवाय घरी स्वतःची बाटली ठेवली होती.

"ही बाटली अजून कोण वापरतं?" मॅडमनी विचारलं.

माझ्याआधी आमचे हेच म्हणाले, "सगळं शेड वापरतंय, मॅडम."

त्या माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता कळलंय ना, मग सगळ्यांना घेऊन या."

परत येताना मोटारसायकलवर मी डोळे मिटूनच बसले होते. घरी आले आणि तशीच शेडमध्ये गेले. बायका क्रेट भरत होत्या. मी खिडकीतली बाटली उचलली आणि मॅडमनी जे सांगितलं ते सगळ्यांना सांगितलं. आधी कुणाला खरंच वाटेना. एकीनं विचारलं, औषधानं कुणाचे डोळे जातात होय. दुसरी म्हणाली, मंगलकाकूंना धक्का बसलाय, दोन दिवस जाऊ द्या. रुखसाना तर क्रेटवरून उठलीच नाही.

"काकू, माजं डोळं चांगलं हायत," ती म्हणाली. "मला समदं दिसतंय."

"मलाबी समदं दिसत होतं," मी म्हणाले.

मग मी तिला सरीत घेऊन गेले. माझ्या सकाळच्या सरीत. म्हटलं, बघ, खाली किती फुलं ऱ्हायलीत. ती वाकून बघत गेली, बघतच गेली. ज्या झाडांवरून माझे हात फिरून गेले होते त्या झाडांच्या खालच्या फांद्या पिवळ्याधमक होत्या. रुखसानानं तोंडावर पदर धरला. म्हणाली, "उद्याच जाऊ, काकू."

आमच्या ह्यांनी फुलांचा टेम्पो आणला. शिरूरच्या दवाखान्यात आमची वरात पोहोचली तेव्हा तिथला शिपाई विचारत होता, लग्न कुठलं. हसण्याचा धीर कुणाला नव्हता. एकेक आत जायची आणि बाकीच्या दाराकडं बघत बसायच्या. बहुतेकींचं प्रेशर ठीक निघालं. शेवटी रुखसाना आत गेली आणि लवकर बाहेर येईना. त्या वेटिंग रूममध्ये मी जशी बसले तशी माझ्या स्वतःच्या रिपोर्टसाठीही बसले नव्हते. मी मनात एकच म्हणत होते, की माझं गेलं ते गेलं, हिचं राहू दे.

तिचं प्रेशर एकतीस निघालं. पण नस शाबूत होती. मॅडमनी ओसीटी केलं. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचा फोटो, त्यात नस किती जाड उरली आहे ते कळतं. तिच्या नसेला काही झालेलं नव्हतं. वाढलेलं प्रेशर म्हणजे लगेच काचबिंदू नव्हे, नस खराब व्हायला लागली की काचबिंदू, हे मला तेव्हा नीट समजलं. उलट काहींना प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, म्हणून नुसतं प्रेशर मोजून भागत नाही, नसही बघावी लागते. मॅडमनी तिचा तो थेंब बंद केला आणि फुलांच्या त्रासासाठी स्टिरॉइड नसलेलं दुसरं औषध दिलं. महिन्याभरानं तिचं प्रेशर सतरावर आलं. मला हे कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तवा तसाच ठेवून मी तिच्या घरी गेले आणि तिच्या गळ्यात पडून पोटभर रडले.

तो थेंब बंद केल्यावर माझं प्रेशरही उतरलं, पण पुरतं नाही. मला आता जन्मभर प्रेशर कमी करणारे थेंब टाकायचे आहेत, रात्री एक औषध, सकाळ-संध्याकाळ दुसरं. काळा पट्टा तिथंच आहे. तो वाढला नाही, हेच यश. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून गेलेली नजर परत मिळत नाही हे पचवायला मला फार दिवस लागले. अजूनही कधी कधी संताप येतो, मग मी भांडी आपटते आणि घरातले बाजूला होतात.

तुम्हाला एवढंच सांगते. चाळिशी ओलांडली असेल तर काही होत नसलं तरी एकदा डोळ्याचं प्रेशर आणि नस तपासा. आई-वडील, भावंडं यांच्यात कुणाला काचबिंदू असेल, साखर असेल, मोठा मायनस नंबर असेल, डोळ्याला कधी मार लागला असेल, तर त्याच्याही आधी. स्टिरॉइडची गोळी, पंप, मलम, थेंब काहीही चालू असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा. भीतीनं मनानं बंद मात्र करू नका, तेही घातक असतं. आणि डोळा एकाएकी लाल होऊन भयंकर ठणकायला लागला, डोकं दुखून उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा, तो काचबिंदूचा दुसरा, घाईचा प्रकार असू शकतो.

शेडमधली खिडकी अजून आहे. तिथं आता गॉगल टांगलेले असतात. तोडणीला जाताना बायका ते चढवतात आणि एकमेकींना हिरॉइन म्हणतात. माझी सकाळची बाटलीही तिथंच असते. इतक्या जणींच्या डोळ्यांत मी नेमका थेंब सोडला, पण स्वतःच्या डोळ्यात सोडायला गेले की तो गालावर पडतो. म्हणून ते काम आता रुखसानाचं. मी मान वर करते. ती एका बोटानं माझी खालची पापणी ओढते, थेंब सोडते, आणि डोळा मिटायला लावून नाकाजवळचा कोपरा दाबून धरते. नंतर माझ्या शेजारची सरी घेते आणि माझ्याकडून खाली राहिलेली फुलं मुकाट्यानं तोडत जाते.

परवा थेंब सोडायला ती वाकली तेव्हा मी तिचे डोळे अगदी जवळून बघितले. फुलांनी चुरचुरून लाल झाले होते, कडांना पाणी आलं होतं. आधी त्या गुलाबी बाटलीच्या थेंबानं व्हायचे तसे पांढरेशुभ्र नव्हते.

"लाल झाल्यात गं," मी म्हणाले.

"असू द्या," ती म्हणाली. "तुम्ही वर बघा."

मी वर बघितलं. तिचे ते लाल डोळे बघून मला फार बरं वाटलं.